दीर्घमुद्रिकेची कसोटी



गाण्याविषयी बोलताना आपण गायकाविषयी बोलतो, चाल बांधणाऱ्याविषयी बोलतो, क्वचित कवीविषयीही बोलतो. परंतु ज्या तबकडीवर ते गाणे कोरले गेले तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. पुस्तकाच्या परीक्षणात अखेरीस 'छपाई व बांधणी ठीक' असे एक वाक्य टाकण्याची रीत आहे. तेवढाही मान तबकडीच्या वाट्यास येत नाही. माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. कागदाच्या आकारामुळे एखाद्या कादंबरीचे कथानक बदलले असे झालेले माझ्या ऐकिवात नाही. पण तबकडी किती वेळ फिरते यावर गाण्याची घडण मात्र पन्नास वर्षे अवलंबून होती. तेव्हा आज मी ज्या थोड्या दीर्घमुद्रिकांविषयी, म्हणजे आपण घरोघर ज्यांना एल. पी. म्हणत आलो त्यांच्याविषयी, बोलणार आहे, त्यांच्याकडे गायकाच्या बाजूने न पाहता तबकडीच्या बाजूने पाहावे असे मी योजिले आहे. त्यांतल्या काही अमेरिकेतल्या जाझच्या आणि तिकडच्या सुगम गायनाच्या आहेत, काही आपल्या मुंबईत झालेल्या आहेत. ही मंडळी एका पंक्तीस कशी बसली, असे कोणास वाटेल, तर ते पुढे ओघाने येईलच.

जुनी तबकडी मिनिटास ७८ फेरे घेत असे. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे, बारा इंचीची चार-साडेचार मिनिटांत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने गायिलेल्या मुद्रिकांपासून आपल्या संगीताला या घड्याळाखाली उभे राहावे लागले. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे त्यांना दुसरी तबकडी माहीतच नव्हती. जो ख्याल बैठकीत तासभर फुलावयाचा तो त्यांनी तीन मिनिटांच्या डबीत बसविला. त्या डबीतूनही किती सुगंध बाहेर येतो हे ज्यांनी ऐकले त्यांना ठाऊक आहे. केसरबाई केरकरांच्या भैरवीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीच्या आवाजांची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेविली आहे, तीत हिंदुस्थानातर्फे गोव्याच्या या बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. तीन मिनिटांत काही साधत नाही असे म्हणणाऱ्याने हे एक उदाहरण पुरेसे मानावे.

तथापि ख्यालगायकाला या मर्यादेचा जाच झाला हे खरेच. ज्यांना तो जाच मुळीच झाला नाही असा एक वर्ग आपल्या महाराष्ट्रात होता, तो भावगीतकारांचा. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन तबकडीवर दिली, तेथपासून मराठी भावगीताची तबकडी जन्मास आली असे मानण्याचा प्रघात आहे. हे जोशी पुढे ग्रामोफोन कंपनीत अधिकारी झाले. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्याकडे मला परत यावयाचे आहे.

भावगीताविषयी ठाण्यात बोलावयाचे तर पी. सावळाराम यांचे नाव घेतल्यावाचून कसे चालेल? सांगली जिल्ह्यातील येडे निपाणी येथे जन्मलेला हा कवी ठाण्यास येऊन ठाणेकर झाला, आणि ठाणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. गीतकाराने नगराचा कारभार पाहिल्याची उदाहरणे फारशी नसावीत. त्यांची गीते, वसंत प्रभूंच्या चाली आणि लता मंगेशकरांचा आवाज या त्रयीने जे घडविले ते सर्वस्वी ७८च्या तबकडीसाठी घडविले होते. सासरी निघालेल्या मुलीचे ते 'गंगा जमुना' गीत घ्या. ध्रुपद, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यांचे चार सूर, आणि डोळ्यांतले पाणी गालावर उतरते न उतरते तोच गाणे संपते. त्यात एक कडवे अधिक असते तर ते रडगाणे झाले असते. एक कमी असते तर नुसते सुभाषित. तीन मिनिटांची मर्यादा येथे बंधन राहिलेली नाही, वृत्तातील यतीप्रमाणे ती रचनेचाच भाग झाली आहे.

आता याच त्रयीची आणि तिच्या समकालीनांची गाणी पुढे दीर्घमुद्रिकांवर एकत्र करून निघाली, तेव्हा काय झाले? गाणी तीच, आवाज तोच, खरखर कमी; आणि तरीही ओळीने सहा गाणी ऐकून उठले असता पहिले गाणे पुरते आठवत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. कारण उघड आहे. ७८ची तबकडी संपली की कोणास तरी उठावे लागे. सुई उचलावयाची, तबकडी उलटावयाची किंवा बदलावयाची, जुन्या यंत्रास किल्ली द्यावयाची, सुई नवी लावावयाची. या मिनिटभराच्या निःशब्द कामात गाणे मनात मुरत असे. दीर्घमुद्रिकेने ते मिनिट काढून टाकिले. एका मुलीची पाठवणी आटोपते न आटोपते तोच दुसरीच्या अंगणात कोकीळ बोलू लागतो. मग दुःख कोणाचे आणि आनंद कोणाचा याचा मेळ लागत नाही. अशा संग्रहाची सोय मला मान्य आहे, परंतु दीर्घमुद्रिका म्हणून मी त्याला उत्तीर्ण करणार नाही.

मग दीर्घमुद्रिका कशाला म्हणावयाचे? तिचा जन्म सांगितला म्हणजे हे स्पष्ट होईल. २१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीने ती वर्तमानपत्रकारांपुढे मांडली. मिनिटास ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, लाखेऐवजी व्हिनाइल नावाचे न फुटणारे द्रव्य, आणि पूर्वी जेथे इंचात शंभराच्या आसपास खोबणी असत तेथे सव्वादोनशेहून अधिक. तबकडी बारा इंचीच, पण तिची एक बाजू बावीस-तेवीस मिनिटे चाले. म्हणजे वेळ पाचपट झाला. शाळामास्तराच्या भाषेत सांगावयाचे तर विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेबरोबर पाच पुरवण्या मिळाल्या. आता पुरवण्या जोडल्या म्हणून उत्तर चांगले होत नाही, हे परीक्षकास माहीत असते. लांबलेल्या उत्तरात मुद्दे कोणत्या क्रमाने आले आहेत, पहिला मुद्दा काढून शेवटी ठेविला तर काही बिघडते की नाही, हे पाहावे लागते. दीर्घमुद्रिकेचीही मी हीच कसोटी मानतो: तिच्यातील क्रम हलविला असता ती मोडते काय? मोडत असेल तर ती खरी दीर्घमुद्रिका. मोडत नसेल तर ती सुट्या गाण्यांची पिशवी.

पिशवी हा शब्द मी सहज वापरला, पण 'अल्बम' या शब्दाचा इतिहासही तसाच आहे. ७८च्या काळी एखादी मोठी रचना चार-सहा तबकड्यांवर पसरे, आणि त्या तबकड्या कागदी खिशांच्या जाड पुस्तकात ठेवून विकीत. छायाचित्रे लावण्याच्या पुस्तकासारखे ते दिसे, म्हणून अल्बम. दीर्घमुद्रिका आली, पुस्तक गेले, नाव मात्र राहिले.

अमेरिकेत ही नवी पाटी हाती आल्यावर तिच्यावर प्रथम कोणी काय लिहिले ते पाहण्याजोगे आहे. ड्यूक एलिंग्टन हा नीग्रो जाझ वादकांचा अग्रणी. त्याची 'मूड इंडिगो' ही रचना १९३० सालची, तीन मिनिटांची. १९५० च्या डिसेंबरात त्याने तीच रचना दीर्घमुद्रिकेसाठी पुन्हा वाजविली, ती पंधरा मिनिटांची. 'मास्टरपीसेस बाय एलिंग्टन' या नावाने ती १९५१ साली निघाली. साऱ्या तबकडीवर मिळून चारच रचना. ती ऐकताना आपल्याकडील श्रोत्यास परकेपणा वाटत नाही, कारण तेथे जे होते ते आपल्या ओळखीचे आहे. मुखडा एकदा सांगून झाला की एकेक वाद्य पुढे येते, त्याच मुखड्याला आपल्या परीने खेळविते, आणि आवर्तन पुरे करून मागे सरते. वीस वर्षे तीन मिनिटांच्या चौकटीत काम केलेला कलावंत चौकट रुंदावताच ताणतो की फुलतो, हे पाहावयाचे असेल तर ही तबकडी ऐकावी. एलिंग्टन फुलला आहे.

गायकांपैकी फ्रँक सिनात्राची १९५५ सालची 'इन द वी स्मॉल अवर्स' घ्यावी. सोळा गाणी आहेत, आणि बहुतेक लहानच आहेत. म्हणजे लांबीचा लाभ गाण्यांना नाही. परंतु सारी गाणी एकाच मनःस्थितीची, उत्तररात्री झोप न येणाऱ्या एकट्या माणसाची आहेत, आणि नेल्सन रिडलने वाद्यवृंद इतका हळू ठेविला आहे की एका गाण्यातून दुसऱ्यात आपण केव्हा शिरलो ते कळत नाही. वेष्टनावर रात्रीचा निर्जन रस्ता आणि दिव्याचा खांब रंगविला आहे; वेष्टनही त्याच विषयाचे. आमच्या भावगीतसंग्रहांना जे जमले नाही ते येथे जमले आहे, आणि त्याचे श्रेय आवाजापेक्षा निवडीस द्यावे लागेल. याउलट एला फिट्झजेराल्डची १९५६ सालची कोल पोर्टरच्या गीतांची जोडमुद्रिका. बत्तीस गाणी, एकच गीतकार, आणि आवाज असा की स्फटिकातून पाणी पाहावे. संग्रही ठेवण्याजोगी वस्तू, यात शंका नाही; पण बत्तीस गाणी एका बैठकीत ऐकणे हे कोशाचे पारायण करण्यासारखे आहे. कोशात हवे ते पान उघडावे.

आता माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू'. तिच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण जाझ म्हणजे गोंगाट असे मानणाऱ्या आपल्या सुशिक्षित घरांत तिचा प्रवेश सर्वांत सुलभ आहे. तोपर्यंतच्या जाझमध्ये स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, भराभर बदलत आणि वादकाला त्यांच्यामागे धावावे लागे. डेव्हिसने हे धावणे थांबविले. त्याने वादकांना मोजक्या स्वरपंक्ती दिल्या आणि त्यांत हवे तितके रमावयास सांगितले. पहिली रचना 'सो व्हॉट'. तिची स्वरपंक्ती म्हणजे आपला काफी थाट, गंधार व निषाद कोमल. सोळा मात्रागट काफी. मग षड्जच अर्ध्या स्वराने वर उचलून आठ गट पुन्हा काफी. मग पूर्वीच्या षड्जावर परत येऊन आठ गट काफी. इतकेच. ज्याने पेटीवर सा बदलून सरगम वाजविली आहे त्यास दुसरे काही समजावून सांगावयास नको. पाच रचना आहेत, त्यांतला संथपणा आमच्या विलंबिताच्या जवळचा आहे.

हे सारे ठीक, पण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरी या परदेशी तबकड्या कोठून येणार, असे कोणी म्हणेल. त्या फारशा आल्या नाहीत. फोर्टातल्या काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून कोणा हौशी मनुष्याने एखादी आणावयाची आणि पिशवीत उभी धरून संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीतून अंगाशी कवटाळून घरी न्यावयाची, इतकेच. ते दुकान २०१६ साली बंद झाले. पण जाझ आपल्या घरी त्यापूर्वीच येऊन बसले होते, फक्त त्याचे नाव आपणांस कोणी सांगितले नव्हते. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र चितळकरांनी ते आणले. १९५१ सालचा 'अलबेला' ज्यांनी पाहिला आहे त्यांना भगवानदादांच्या पावलांबरोबर वाजणारा तो तुतारीसारखा ट्रंपेट आठवत असेल. तो वाजविणारा चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाई. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातले आल्दोना. हॉटेलांत साहेबी नाचांसाठी तो जे वाजवी तेच चितळकरांनी मराठमोळ्या ठेक्यावर आणून बसविले, आणि डोंबिवलीच्या चाळीतली मुले त्यावर गणेशोत्सवात नाचू लागली. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणीमंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटगीते रुचत नसत, म्हणून ही गाणी कित्येक वर्षे आपण सिलोनहून ऐकली. आज तीच गोष्ट मी आकाशवाणीवरून सांगतो आहे, यावरून काळ किती पुढे आला ते दिसेल.

गोव्याचे हे वादक म्हणजे एक स्वतंत्र विषय आहे. चर्चच्या शाळांत लहानपणीच त्यांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत; त्यामुळे मुंबईच्या हॉटेलांत, आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, त्यांच्यावाचून पान हलत नसे. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यवृंदाची जी मांडणी केली तिच्यामुळे हिंदी चित्रपटगीत उभे राहिले. पण तबकडीच्या वर्तुळाकार चिठ्ठीवर नाव गायकाचे आणि संगीतदिग्दर्शकाचे. वाजविणाऱ्याचे नाव नाही. तीन इंचांच्या त्या कागदात जागा तरी किती असणार, असे समर्थन करता येईल. दीर्घमुद्रिकेच्या बारा इंची वेष्टनाने ते समर्थन उरू दिले नाही.

याच वादकांच्या हातून १९६८ साली झालेली एक दीर्घमुद्रिका म्हणजे शंकर-जयकिशन यांची 'रागा-जाझ स्टाइल'. अकरा राग: आरंभी तोडी, मग भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार; दुसऱ्या बाजूस बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि अखेरीस भैरवी. सतारीवर रईस खाँ, ट्रंपेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत. वेष्टनावर ही नावे आहेत, आणि केवळ तेवढ्यासाठीही ते वेष्टन जपून ठेवावे असे मी म्हणेन. आपण आयुष्यभर ज्यांचे वादन ऐकले त्यांचे नाव वाचण्याचा योग तेथे प्रथम येतो.

परंतु कसोटी ती कसोटी. दोन बाजूंत अकरा राग म्हणजे एका रागाच्या वाट्यास सरासरीने चार मिनिटेही धड येत नाहीत. दीर्घमुद्रिका हाती असूनही मन ७८च्याच तबकडीत राहिले आहे. चित्रपटगीताची जी घडण या जोडीच्या हाडीमाशी खिळली होती, तीच येथे शब्दांवाचून उभी राहिली. रईस खाँ एखादी जागा अशी घेतात की आता हा माणूस काहीतरी सांगणार असे वाटावे. तोच ट्रंपेट येतो, मुखडा येतो आणि राग संपतो. क्रमाचे म्हणाल तर सकाळच्या तोडी-भैरवापाठोपाठ मध्यरात्रीचा मालकंस का आला, याचे उत्तर मला तबकडीत सापडत नाही. शेवटी भैरवी आहे, ती बैठकीच्या रीतीस धरून आहे. मधले राग कोणत्याही क्रमाने लाविले तरी काही बिघडत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती या मंडळींची नव्हे, तर दोन पद्धतींमधली आहे. पाश्चात्त्य स्वरसंवाद षड्ज-पंचमाच्या पायावर उभा असतो. मालकंसात पंचम वर्ज्य, ऋषभही वर्ज्य. मग त्याच्याखाली पियानोने कोणता गुच्छ धरावयाचा? पंचम धरला तर राग मोडतो, न धरला तर पाया डळमळतो. माइल्स डेव्हिसने ही गाठ दुसऱ्या टोकाकडून सोडविली. त्याने गुच्छच कमी केले. डेव्ह ब्रुबेक १९५८ साली मुंबईस आला तेव्हा अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसला होता. त्याच्यासारख्या पियानोवाल्यासही त्या बैठकीत आपल्या दोन्ही हातांचे काय करावे हा विचार पडला असेल, असे माझे अनुमान आहे. 'रागा-जाझ'मध्ये ही गाठ सोडविलेली नाही, तिला वळसा घातला आहे. तथापि त्यातला कलावती आणि मिश्र पिलू मी पुनःपुन्हा लावतो. परीक्षक म्हणून गुण कमी द्यावे लागले तरी विद्यार्थी आवडता असू शकतो.

याच्याच एक वर्ष आधी, १९६७ साली, त्याच कंपनीने 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली होती. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिच्यामागे कल्पना होती ती जी. एन. जोशी यांची, ज्यांचे नाव मी आरंभी ध्यानात ठेवावयास सांगितले होते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस तीत आहे: पहाटेचा अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, तबकडी उलटली की सायंकाळचा भूप, देस आणि शेवटी पहाडी. राग येथेही अनेक आहेत, वेळ येथेही थोडाच आहे; पण त्यांतला एकही जागचा हलविता येत नाही, कारण सूर्य हलविता येत नाही. तीन मिनिटांच्या भावगीताने ज्याने आरंभ केला, त्याच मराठी गायकाला चाळीस मिनिटांच्या तबकडीचे मर्म इतके अचूक कळावे, याचे मला नेहमी नवल वाटते. कदाचित ज्याने लहान जागेत संसार केला त्यालाच मोठ्या घराची मांडणी सुचत असावी.

मराठीत असा क्रमबद्ध प्रयत्न 'शिवकल्याण राजा'त झाला. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ साली, ही मुद्रिका निघाली. हृदयनाथांचे संगीत, लताबाईंचा स्वर, आणि गाण्यांच्या मधून बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. समर्थ रामदास, कविराज भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे चार काळांतले कवी एका सूत्रात आले, ते या निवेदनामुळे. चार-पाच वेळा ऐकल्यावर निवेदन थोडे आटोपते असते तर बरे, असे वाटू लागते. पण ते वगळून नुसती गाणी लाविली की ती एकमेकांस ओळखेनाशी होतात. म्हणजे कसोटीस ती उतरली. आज समारंभांतून तिच्यातील एखादेच गाणे तोडून लाविले जाते, तेव्हा ते केवळ घोषणेसारखे ऐकू येते, याचे कारण हेच आहे.

आणि या साऱ्यांच्या आधीची, १९६० सालची, उस्ताद अमीर खाँसाहेबांची तबकडी. हिंदुस्थानी संगीताची पहिली दीर्घमुद्रिका १९५५ साली न्यूयॉर्क येथे अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाची झाली आणि तिच्या आरंभी यहुदी मेन्युहिन यांनी परिचयाचे शब्द सांगितले; त्यामानाने अमीर खाँसाहेबांची तबकडी गाजावाजा न होता आली. तिच्यात रागच दोन. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, षड्ज जवळजवळ टाळत, कोमल ऋषभावर रेंगाळत, उजेड सरून जाण्याची ती वीस मिनिटे. मग सुई उचलावयाची, उठून तबकडी उलटावयाची, आणि दुसरीकडे पूर्ण रात्र झालेली असते. ७८च्या तबकडीने जे मिनिट आपणांस सक्तीने दिले होते, तेच येथे कलावंताने कामास लाविले आहे. त्या उलटण्यात संध्याकाळ बुडते. चौकडीचा कागद समोर घेऊन कोणी योजना केली असती तरी याहून अधिक नेमकी झाली नसती.

मोबाइलवर हा मारवा आज फुकट मिळतो आणि आवाजही स्वच्छ मिळतो. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मारवा संपला की तो यंत्र स्वतःच्या मर्जीने दुसरेच काही लावतो, बहुधा कोणाचे तरी लग्नातले गाणे. क्रम ठरविण्याचा जो अधिकार एलिंग्टनने, जोशींनी, खाँसाहेबांनी इतक्या विचाराने वापरला, तो आता कोणाकडेच राहिलेला नाही. म्हणून मूळ तबकड्या घरात असतील त्यांनी त्या जपाव्या असे मला वाटते. ठाण्याच्या नौपाड्यात आणि डोंबिवलीत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम जोरात आहे. सामान हलविताना माळ्यावरचा रेडिओग्राम आणि त्याखालचा तबकड्यांचा गठ्ठा हे प्रथम भंगारात जातात. वजनावर विकल्या जाणाऱ्या त्या गठ्ठ्यात लेस्ली गोदिन्होचे नाव छापलेले एखादे वेष्टन असेल, किंवा सावळारामांच्या गीताची मूळ ७८ असेल. १९९० साली मुंबईत जुन्या मुद्रिकांच्या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिकही तिने काढले. तिच्यासारख्या हौशी मंडळींनी पुष्कळ वाचविले, पण घराघरांतले माळे त्यांना कसे दिसणार?

जतनाविषयी दोन गोष्टी सांगून मी थांबतो. तबकड्या आडव्या रचू नयेत, वह्या ठेवितो तशा उभ्या ठेवाव्या. आडव्या ठेविल्यास खालच्या वाकतात. खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी येते, तेव्हा आश्विनात एकदा त्या बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, उन्हात मुळीच नव्हे. पुसावयाचे तर स्वच्छ पाण्याने आणि मऊ फडक्याने खोबणीच्या दिशेने पुसावे. व्हिनाइलची तबकडी स्पिरिटने पुसली तरी सहसा बिघडत नाही, पण लाखेच्या ७८ला स्पिरिट लाविले की लाख विरघळते आणि गाणे गेले म्हणून समजावे. आणि ७८ची जाड सुई दीर्घमुद्रिकेच्या बारीक खोबणीत कधीही टेकवू नये. दोन्हींच्या सुया निराळ्या, फेऱ्यांचा वेग निराळा, हे यंत्र लावण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.